महिन्यातून एकदा, झाडूच्या दांड्यानं

नोव्हेंबरात इथला सूर्य रोज थोडा थोडा रजेवर जातो
आणि मी शिडी खांद्यावर टाकून दारोदार फिरते.
बंबावरची नोकरी अर्धवेळची,
उरलेल्या वेळात धक्क्यावर कॉड साफ करते.
लोकांना आधी माझ्या हातांचा वास येतो,
मग ते ओळखपत्र बघतात.

टोर्लाइव्हचं घर गावात शेवटचं, पाण्याच्या अंगाला.
भिंती लाकडी, छत लाकडी,
शेगडीवर दोरी, दोरीवर लोकरी मोजे.
छताला एक जुना स्मोक अलार्म.
छताबरोबर तोही तीनदा रंगवलेला,
पांढऱ्या रंगाखाली तोंड मिटून बसलेला.
बॅटरी?
ती रेडिओत.
हवामान कळायला नको का, म्हणाला.

त्याला रेडिओ ऐकू येत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.
चाळीस वर्षं बोटीच्या इंजिनखोलीत गेली,
कान तिथेच राहिले.
पण रेडिओचा हिरवा दिवा लागतो.
तेवढीच सोबत.

"धूर झाला तर माझ्या नाकाला कळेल की."
मी वही काढली, मोठ्या अक्षरांत लिहिलं:
झोपल्यावर नाकही झोपतं.
त्यानं चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

आसलाउगच्या घराचं मी त्याला सांगितलं नाही.
तिचा अलार्म आम्हाला नंतर सापडला,
जाड ओकच्या खणात, खोक्यातच,
सोबत पावती,
आणि पुडीत चार स्क्रू.
चारही होते.

शिडी लावली.
स्वयंपाकघरात धुराचा नको, तिथे उष्णतेचा,
नाहीतर मासे तळले की बोंबलतो
आणि एके दिवशी कुणीतरी वैतागून त्याला मोजा चढवतं.
(टोर्लाइव्हनं नजर चुकवली.)
एक जिन्याच्या माथ्यावर, एक झोपायच्या खोलीत,
भिंतीपासून हातभर लांब,
कारण कोपऱ्यात शिरायला धूर आळस करतो.
तिघांची आपसात बोलणी ठरलेली:
एक ओरडला की तिघं ओरडतात.
पाठीवर मी तारीख लिहिली, दहा वर्षांनी नवे बसवायचे.
त्यानं बोटांवर मोजलं. "तेव्हा मी एक्क्याण्णव."
मी लिहिलं, शिडी मीच आणीन.

बटण दाबलं.
माझ्या दातांत कळ गेली.
तो शांत उभा, माझ्या तोंडाकडे बघत,
जणू मीच काहीतरी म्हणणार आहे.
इतक्यात शेगडीजवळून मांजर उधळलं,
शेपटीचा बाटली घासायचा ब्रश झालेला,
थेट बाकाखाली.
टोर्लाइव्ह खदखदून हसला.
"चालतोय!"

मग उशीखालची चकती.
बुटांसकट आडवा झाला, मी बटण दाबलं,
उशी थरथरली, पलंग थरथरला,
खिडकीतला पेला किणकिणला.
तो उठला नाही.
डोळे मिटलेले. माझ्या पोटात गोळा.
"परत लाव," म्हणाला.
परत लावलं.
"हळू चालीत ती अशीच चालायची.
तळाशी पाठ टेकली की अंगात यायची."
बोटीचं नाव त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
"आणखी एकदा."

वही त्याच्या नाकासमोर धरली:
हिच्यावर झोपायचं नाही. हिच्यावर उठायचं.
उठायचं, दार लावून घ्यायचं, बाहेर पडायचं,
मग आम्हाला मेसेज.
चष्मा शोधायचा नाही, रेडिओ उचलायचा नाही.
खाली रेघ मारली.
"आणि मांजर?"
मांजर तुमच्या आधी बाहेर असेल.

आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी
धक्क्यावरून त्याची पिवळी खिडकी दिसते.
झाडूचा दांडा वर जातो, छताला टेकतो,
आणि दाराच्या झडपेतून
करडं काहीतरी बाणासारखं बर्फात सुटतं.

मी ओल्या बोटानं वहीत खूण करते.
त्या पानाला माशांचा वास येतो.
पुढचा मासा घेते.