दीडशे सेंटिमीटर

चित्राचा मध्य जमिनीपासून दीडशे सेंटिमीटरवर.
मला शिकवलेला हा एकच नियम
ज्यावर कुणी भांडत नाही.
बाकी सगळं, डनीडिनच्या या जुन्या लोकरीच्या गोदामात,
सोमवारपासून भांडतंय.

परीक्षक तिघे, तीन गावांत.
पडद्यावर अंगठ्याएवढी चित्रं बघून
चारशे अर्जांतून त्यांनी सात नावं काढली,
चहा संपवला, उठले.
ही सात एका छपराखाली नांदतील कशी
हा प्रश्न त्यांच्या कागदावर नव्हता.
तो माझ्या कागदावर आहे,
आणि खोल्या दोन. शिवाय एक बोळ.

हानुलचा व्हिडिओ: धुलाईयंत्र, चाळीस मिनिटं, आतून.
हेडफोन लावू का विचारलं तर म्हणाली,
मग ते शहाण्या मुलासारखं वागेल.
भिंतीपलीकडे मॉरॅगच्या पेन्सिलरेषा,
इतक्या फिक्या की श्वास रोखून बघाव्या लागतात,
आणि यंत्र नेमकं तेव्हाच पिळायला लागतं.
रुअरीचा कॅनव्हास चार मीटर वीस, लिफ्ट तीन नव्वद.
जिन्यातून तिरका आणला चौघांनी.
एकाचं बोट चेमटलं.

सगळ्यांना एका पंगतीत बसवायचं
आणि पंक्तिप्रपंच दिसू द्यायचा नाही.
पण दारासमोरची भिंत एकच असते.
तिच्यावर जे टांगीन
त्याला लोक कोट काढता काढताच बक्षीस देऊन टाकतील.
पाकीट बंद आहे, नाव मलाही ठाऊक नाही,
तरी माझ्या हातोड्याने ते थोडंसं फोडलंय.

संचालकबाई विचारतात, सूत्र काय?
पत्रिकेला एक वाक्य हवं.
मी लिहिलं: काठ. खोडलं.
लिहिलं: उरलेलं. तेही खोडलं.
खरं सूत्र एवढंच की सगळे पस्तिशीच्या आत,
भाड्याच्या घरात,
आणि सगळ्यांनी एकच फॉर्म भरलाय.
बाई हसल्या नाहीत.
शेवटी छापलं: भरती-ओहोटी.
बंदराच्या गावात ते खपतं.

बुधवारी नायरी आली, बुटांच्या खोक्यात तिचं काम घेऊन.
रस्त्यावर सापडलेले एकेकटे हातमोजे,
मेणात ओतलेले.
म्हणाली, मला बोळात द्या, लिफ्टपाशी.
मी म्हटलं, तिथे कुणी थांबत नाही गं.
ती म्हणाली, थांबतात की.
लिफ्टची वाट बघणारा
दुसऱ्या कशाचीच वाट बघत नसतो,
तेव्हाच तर तो बघतो.

मी फळी ठोकून दिली.
हायसं वाटलं,
आणि मग त्या हायसं वाटण्याचीच लाज:
एकजण आपणहून पानाच्या टोकाला बसली
म्हणून मी वाढपी सुटले.

रात्री सेफीनाचा मिठाचा खांब घामेजला.
बंदरावरची हवा पितो तो, हे अर्जात लिहिलं होतं,
पान तीन. मी वाचलं नव्हतं.
पाण्याची एक रेघ निघाली
मॉरॅगच्या भिंतीकडे.
मी पुसते, ती येते.
फोनवर सेफीना म्हणाली, पुसू नका, तेच तर काम आहे.
आणि शेजारणीचं?
बराच वेळ काही नाही. मग: तिला विचारा.
मॉरॅग बारा वाजता सायकलवरून आली,
ओल्या जमिनीवर उकिडवी बसली,
म्हणाली, येऊ दे. कुठे थांबते ते बघते.
आणि खिशातून पेन्सिल काढली.

मला कुणी काही विचारलं नाही.

ती गेल्यावर मी भिंतीवर तळहात फिरवला.
दीडशेच्या रेषेत, पांढऱ्या रंगाखाली,
मागच्या सगळ्या वर्षांची बुजवलेली भोकं
फोड बरी झाल्यासारखी लागतात हाताला.
कुठलं जिंकलेल्याचं, कुठलं नाही,
पुट्टीला सांगता येत नाही.

उद्या सहा वाजता वाइन, चीज, महापौर.
पाण्याची रेघ अजून भिंतीपासून लांब आहे.
किती, ते मी मोजलं नाही.
टेप खिशात होती.