गृहपाठ, मोयनाक

आयसानेमच्या वहीत दोनच रकाने:
तरंगतं. बुडतं.
खाली बाईंनी लाल शाईत लिहिलेलं, घरी करून पाहा.

शेजारच्या तुर्सिनायकडून अंडं मागून आणलं,
अजून कोमट, एका कडेला पीस चिकटलेलं.
काचेचा पेला, टँकरचं पाणी.
आमच्याकडे पाणी मोजून वापरतात, आज पेल्याला माफी.
अंडं सोडलं. ते गेलं तळाशी
आणि रुसलेल्या पाहुण्यासारखं आडवं झालं.

एक चमचा मीठ. ढिम्म.
दोन. तीन. पाणी गढुळलं, पुन्हा निवळलं.
चौथ्याला एक टोक उचललं,
झोपेत हाक ऐकून
उठू की नको करणाऱ्या माणसागत
उभं राहिलं जागच्या जागी.
पाचव्याला वर.
पाण्याबाहेर एवढंसं कपाळ.

"नाण्याएवढं," सासरे दारातून म्हणाले.
ओराझबाय. मासळीच्या कारखान्यात
अठरा वर्षं खारवणीच्या पिंपांवर.
"नाण्याएवढं दिसलं की खारवणी तयार.
आमच्याकडे काटा नव्हता. अंडं होतं."

"आजोबा, समुद्रात एवढं मीठ घातलं कुणी?"

"घातलं नाही कुणी.
पाणी काढून नेलं. कापसाला."

ती गप्प झाली. मग दुसरा पेला काढला,
दुसरं अंडं, तुर्सिनायच्या कोंबडीचे उपकार,
आणि मीठ एकच चमचा,
"कारण," आजोबा म्हणाले, "अळणी तो आधीही नव्हता."
पेला खिडकीत ठेवला,
जिथे दुपारभर ऊन असतं आणि पांढरी धूळ.
वहीत तारीख घातली.

पाणी रोज बोटाच्या पेराहून थोडं कमी उतरायचं.
ती काचेवर पेनानं रेघ मारायची.
मी दोनदा पेला फेकायला निघाले, दोनदा ओरडा खाल्ला.

नवव्या दिवशी हाक आली, "आलं वर!"
गेले. पाहिलं.
अंड्याचं कपाळ उघडं, कोरडं,
त्यावर मिठाची साय.
बोटानं ढकललं. हललं नाही.
खाली काचेला टेकलेलं होतं, पहिल्या दिवशी होतं तसंच.

सासऱ्यांना दाखवलं.
ते पेल्याकडे बघत राहिले, मग खिडकीबाहेर,
जिकडे वाळूत जहाजं उभी आहेत,
गंजून तांबडी,
पोटाखाली गाई सावलीला बसलेल्या.
एकेकाचं नाव त्यांना पाठ आहे,
इंजिनाचा आवाजही.
"बुडालं नाही एकही," म्हणाले. "हे लिही."
टोपी झटकली. पुन्हा घातली.
"पण तरंगतंय असंही लिहू नकोस."

आयसानेम वही घेऊन बसली.
दोनच रकाने. पेन्सिल चावून चावून ओली.
मी भांडी विसळलेलं पाणी
जर्दाळूच्या रोपाला नेऊन घातलं,
परत आले तर ती
घरभर पट्टी शोधत होती.