फंक्शनसाठी कूलर भाड्याने मिळतील

टिमकीच्या गल्लीत आमच्या दुकानावर
बाबांच्या हातची पाटी आहे:
फंक्शनसाठी कूलर भाड्याने मिळतील.
तिच्याच खाली बसून, एप्रिलच्या एका दुपारी,
मी आयुष्यातलं पहिलं फंक्शन लिहिलं.

नाव ठेवलं भाडे. देवनागरीतच.
वाटलं, ब्राउझर नाक मुरडेल. नाही मुरडलं.
मग कंस, कंसात दोन जागा: नग, दिवस.
महिरपी कंसात एका ओळीचा गुणाकार.
पान उघडलं. कोरं.
परत उघडलं. कोरं.
बाहेर चव्वेचाळीस, मांडीवर लॅपटॉप तापलेला,
आणि मी तासभर सुटलेला स्वल्पविराम शोधतेय.

निपाणे मॅडम फोनवर हसल्या.
"लिहिलंस गं. आवाज कुठे दिला त्याला?"

रूपचंद दुकानात असाच बसतो,
गवताच्या ताट्यांना पाठ लावून, डोळे मिटून.
त्याला सगळं येतं. मोटर, पंप,
अरुंद बोळीतून गाडी उलटी काढणं.
पण आवाज दिल्याशिवाय हलत नाही.
"रूपचंद! दिघोरी. तीन कूलर, दोन दिवस."
तेव्हा उठतो, दुपट्टा झटकतो.

एकदा मीच उलट बोलले,
दोन कूलर, तीन दिवस.
बिल तेवढंच आलं, पैशाचाही फरक नाही.
आणि तिकडे तिसऱ्या खोलीत नवरदेवाची मावशी
पुठ्ठ्यानं वारा घेत
आमच्या सात पिढ्या काढत होती.
गुणाकाराला मावशी दिसत नाही.

मग रिटर्न लिहायला विसरले.
आत सगळं झालं असणार, पण पानावर उमटलं
अनडिफाइन्ड.
रूपचंद रात्री दीडला गाडी लावतो.
"पैसे दिले काय त्यायनं?"
तो नळाखाली डोकं धरतो.
पैसे निघतात सकाळी, ओल्या खिशातून.

एका उन्हाळ्यात शंभरेक फंक्शनं बघतो हा माणूस,
मागच्या दारानं, खांद्यावर पाण्याचा पाइप घेऊन.
बोलावणं एकाचंही नसतं.

नवतपा लागायच्या आदल्या दिवशी
तो पत्रिका घेऊन आला.
बहिणीचं लग्न, कळमन्याला.
पाकिटावर माझं नाव, बॉलपेननं,
वेलांटी चुकलेली.
असं चुकलं असतं तर माझं भाडे जागचं उठलं नसतं,
लाल अक्षरात ओरडलं असतं, ओळखत नाही म्हणून.
मी म्हटलं, "येते."

"आन् ताई, कूलर दोन. भाड्यानंच, हां."

त्या रात्री फंक्शनमध्ये एक ओळ वाढवली,
एक जर, एक नाव, नीट शुद्धलेखनात.
सकाळी त्याच्यापुढे लॅपटॉप सरकवला.
त्यानं बोटानं जपून टाकलं: नग दोन, दिवस एक.
पडद्यावर आलं शून्य.

तो बराच वेळ बघत राहिला.
मग लॅपटॉपच्या बुडाला हात लावून पाहिला,
गरम आहे का म्हणून.
"बंद पडलं काय वो, ताई?"