वापरात आहे

झुग्दिदीच्या बाहेर, हेझलनटच्या गोदामात
ट्रक तोलायचा काटा आहे,
माझ्याहून दोन वर्षांनी मोठा.
त्याच्या पाठीला नऊ टाचण्यांचं तोंड.
लॅपटॉपला तसलं काही नाही,
कडेला चपट्या चिरा फक्त,
साखळी न काढता दारातून बोलणाऱ्या शेजारणीसारख्या.

जुमबेरने फोनवर एवढंच सांगितलं होतं,
"आकडा येत नाही."
मी कुताइसीहून आले, मार्शुत्कात मांडीवर बिस्किटांचा डबा,
डब्यात दोन कन्व्हर्टर आणि एक अडाप्टर.

लॅपटॉप त्याच्या बायकोने पाठवलेला, बारीहून.
त्सित्सिनो तिकडे एका म्हातारीला सांभाळते,
म्हातारीच्या मुलाची फार्मसी होती, हा तिथला.
झाकणावर अजून हिरव्या क्रॉसचा स्टिकर,
आणि सगळे मेनू इटालियनमध्ये.

पहिला कन्व्हर्टर निळा, आरपार दिसणारा.
दिवा लागला. यादीत पिवळा त्रिकोण.
चिपवर नाव एकाचं, पोट भलत्याचंच.
ड्रायव्हरने ओळखलं आणि तोंड मिटलं.
जुमबेर म्हणाला, पोत्यांतही येतात अशा,
वर टपोऱ्या, तळाला पोचट.

दुसरा जमला. नंबर मिळाला अकरा.
पण काट्याचा प्रोग्रॅम जुना,
त्याला चारच्या पुढे मोजता येत नाही.
मी अकराचा तीन करायला गेले
तर मध्येच एक चौकट उभी राहिली.
जुमबेरने फोन काढला, कॅमेरा चौकटीसमोर धरला.
त्सित्सिनो चष्मा शोधत होती, मागे कुकर वाजत होता.
"म्हणतोय, तीन वापरात आहे."

कोण वापरतंय?
लपलेली उपकरणं उघडली:
एक बारकोड रीडर, करड्या रंगात,
कधीचा उपटून नेलेला,
जागा मात्र त्याच्याच नावावर.

"काढू?" मी विचारलं.
जुमबेर माझ्याकडे बघेना.
"तिला विचार."
"काढ की," पलीकडून आवाज,
"दुकान बंद झाल्याला चार वर्षं झाली."

मग काहीच नाही. रिकामा पडदा.
तोंडाला तोंड जोडलेलं, कानाला कान,
दोघंही बोलतायत, ऐकतंय कोण?
अडाप्टर घातला, दोनची तार तीनवर, तीनची दोनवर.
लगेच चौकोन, प्रश्नचिन्हं, मध्येच एक हसरा चेहरा.
"हे आमचं वजन?" दारातल्या ट्रॅक्टरवरून एतेरी ओरडली,
सकाळपासून चौदा पोती घेऊन बसलेली.
वेग चौपट लावला होता मी.
चोवीसशे. सात बिट. इव्हन पॅरिटी.
हे कुठेच लिहिलेलं नव्हतं;
काट्याची पेटी उघडल्यावर झाकणाच्या आत
कुणीतरी खिळ्याने खरवडलेलं सापडलं.

शून्य आलं.
इतकं स्वच्छ शून्य मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

जुमबेर फोनसकट जाऊन लोखंडी फळीवर उभा राहिला.
काटा वीस-वीस किलोंच्या उड्या मारणारा, ट्रकसाठीचा.
पडद्यावर ऐंशी.
मी मोठ्याने वाचलं, खिडकीतून.
फोनमधून थोडा वेळ फक्त कुकर.
"शंभर होतास तू," त्सित्सिनो म्हणाली.
"काटा मारतोय हा," जुमबेर म्हणाला,
आणि एतेरी अशी हसली
की पोत्यावर पोतं घसरलं.

निघताना बजावलं, चीर बदलू नका.
शेजारच्या चिरेत खुपसलात तर
हाच कन्व्हर्टर परका होतो, नवा नंबर मागतो.
खूण कशाने करायची?
"नेलपॉलिश," फोन म्हणाला, "स्वयंपाकघरात, मिठामागे, वाळलं नसेल तर."

वाळलं होतं.
जुमबेरने त्यात दोन थेंब चाचा घातली, काडीने ढवळलं,
आणि जीभ दातांत धरून
चिरेच्या वर एक लाल ठिपका काढला,
जरा मोठाच.
बाहेर एतेरीने ट्रॅक्टर सुरू केला होता.