नऊ-दहाचा फॉल्ट

हडर्सफील्डमधलं आमचं घर दगडी, अरुंद,
एकावर एक रचलेला तीन पुडांचा डबा.
वरच्या पुडात निषाद, वय तेरा.
खालच्यात राउटर, वय विचारू नये.
मधल्यात भाऊ, सहा महिन्यांच्या व्हिसावर.

रोज रात्री निषादचा किल्ला पडतो.
शत्रू नसतोच जवळपास.
हा धावता धावता हवेत थिजतो
आणि मागे खेचला जातो
जिथून निघाला होता तिथे.
हॅलिफॅक्सचा कॉनर कानात ओरडतो,
बॅटलीचा अदील हसतो,
पडद्यावर थंडपणे उमटतं: संपर्क तुटला.

मी सगळं केलं.
राउटर बंद, तीस आकडे मोजून चालू.
गेम पुसून पुन्हा उतरवला, अख्खा रविवार गेला.
सर्व्हर बदलला, लंडन सोडून फ्रँकफर्ट.
नॅट टाइप कडक, असं दिसलं तेव्हा
सोवळ्यातली काकू आठवली, कुणी शिवायचं नाही.
मग पोर्ट उघडले एकेक, आडनावं विचारत.
कंपनीच्या बाईनं चाळीस मिनिटं पिपाणी ऐकवून सांगितलं,
तुमच्या लाइनला काही झालेलं नाही, लव्ह.

हे वाक्य भाऊंना लागलं.
एकतीस वर्षं कराड एक्स्चेंजला लाइनमन.
हेच वाक्य त्यांनीही सांगितलेलं लोकांना,
लोकांचाच चहा पिऊन.

ते वही घेऊन जिन्याखाली उभे राहू लागले.
वाय-फाय त्यांना कळत नाही. खांब नाही, तार नाही,
"मग चढायचं कशावर?"
पण फॉल्ट कळतो. फॉल्टला वेळ असते, म्हणाले,
नुसती जागा शोधून तो हाती लागत नाही.
वरून "गेलं!" ऐकू आलं की घड्याळ बघायचे.
सोम ९.१०. मंगळ ९.११. बुध ९.१०.
गुरुवारी काहीच नाही.
गुरुवारी आम्ही लीड्सला, सातपुत्यांकडे जेवायला,
निषाद एकटा घरी,
आणि किल्ला रात्री अकरापर्यंत उभा.

शुक्रवारी त्यांनी वही उलटी धरली.
पुढून फॉल्ट. मागून गोळ्या,
डॉक्टरांनी लिहायला लावलेल्या:
सोम ९.१०, दूध, अर्धी पांढरी.
मंगळ ९.११, दूध, अर्धी पांढरी.
बराच वेळ बोलले नाहीत.
मग मायक्रोवेव्हकडे बघितलं,
घरातल्याच माणसाच्या खिशात
आपलं पाकीट सापडावं तसं.

मी समजावत बसलो: दोन-चारचा पट्टा,
हे यंत्रही त्याच पट्ट्यात गुरगुरतं,
पाचचा पट्टा माळ्यापर्यंत दगड चढत नाही,
घरमालक केबलला भोक पाडू देत नाही.
"म्हणजे क्रॉस-टॉक," भाऊ म्हणाले.
"रोज दीड मिनिट मी त्याच्या लाइनवर बोलत होतो."
वहीत लिहिलं: फॉल्ट सापडला. ठिकाण: मी.
मायक्रोवेव्ह लिहा, मी म्हटलं.
त्यांनी पेनाला टोपण लावलं.

आता दूध गॅसवर तापतं, छोट्या पातेल्यात.
त्याच्यासमोर उभं राहावं लागतं.
भाऊ राहतात उभे, पण कान जिन्यावर.
वर निषाद पळतोय, पिंग अठरा,
यॉर्कशरच्या जाड सुरात कुणाला तरी शिव्या घालतोय.
नऊ-दहा होतात. नऊ-अकरा.
"बघ, थांबला नाही," भाऊ मला खुणावतात,
"बघ, अजून नाही थांबला,"
आणि त्यांच्या पाठीमागे
दूध उतू जातं.