गुडघ्याने उचलायचं फाटक

व्हर्ना कॉर्कमच्या परसातलं फाटक
अठरा वर्षं गवतात एकच अक्षर गिरवत होतं:
पाव वर्तुळ. तिथं आता गवत धरतच नाही,
नुसता मातीचा तपकिरी विळा.

"दुरुस्त होईल?" तिनं विचारलं.
एप्रिल होता, नोव्हा स्कोशियातला एप्रिल,
म्हणजे हातमोजे काढावेत, पण खिशातच ठेवावेत.
खाडीकडून वारा, वाऱ्याला खारवल्या दोरांचा वास.
म्हटलं, आधी खांब बघू.
फाटकाचं दुखणं बहुतेक वेळा फाटकात नसतं.

खांब झुकलाच होता. इथली थंडी
जमिनीखाली हात घालून खांब वर ढकलते,
दर हिवाळ्याला बोटाच्या पेराएवढा,
पोरानं दुधाचा दात जिभेनं हलवावा तशी.
ऑसबर्ननं तो दोन फूट पुरला होता. चार हवेत.
पहारीनं दगड काढले. त्यांच्याखाली दगडच होते.
चाळीस वर्षं होड्या बांधल्या मी,
आणि म्हातारपणी नशिबात खड्डा.
तळाशी खडी, खडीवर खांब, मग थोडी माती,
मग धुमसणं, पुन्हा थोडी, पुन्हा धुमसणं.
ओळंबा सोडला तर वारा त्याला थांबू देईना.
व्हर्नानं कोट पसरून आडोसा धरला
आणि शिसं हळूहळू गप्प झालं.

मग फाटक लाकडी घोड्यांवर आडवं घातलं
आणि चूक दिसली.
तिरपी फळी उलटी.
खालच्या बिजागरीपाशी पाय रोवून
तिनं कडीच्या कोपऱ्याला खांदा द्यायला हवा.
ही वरच्या बिजागरीपासून खाली उतरलेली,
भार पेलायचा सोडून
दोन खिळ्यांना लोंबकळत राहिलेली.

मी बोललो नाही. मेलेल्या माणसाच्या कामात
खोट काढू नये, त्याच्या बायकोसमोर तर नाहीच.
पण तिचं माहेर दर्यावर्दी. "उलटी आहे ना?" म्हणाली.
"मी तेव्हाच म्हटलं होतं त्याला.
तर म्हणे, शिडी कुठूनही शिडीच."

मी नवी फळी आणली होती, सीडरची, एकही गाठ नसलेली.
नको म्हणाली.
खिळे उपसले. जुनी फळी पालथी केली.
गंमत अशी, की पालथी केलेली फळी
दुसऱ्या कोपऱ्यात चपखल बसते,
टोकांचे तिरके काप आपोआप जुळतात,
रंधासुद्धा फिरवावा लागत नाही.

फळीची पाठ पुढे आली,
इतकी वर्षं आत दडलेली, कोरडी, जवळजवळ नवी.
तिच्यावर पेन्सिलीनं: बावन्न आणि एक अष्टमांश. खोडलेलं.
एक्कावन्न आणि पाव. खोडलेलं, जोरात,
इतकं की लाकडात खाच.
बावन्न आणि तीन अष्टमांश. खाली दोन रेघा.

व्हर्नानं चष्मा वर केला, खाली केला.
"मला सांगितलं होतं, एका मापात झालं."
आणि हसत सुटली,
पलीकडे झ्विकरांची म्हातारी कुत्री भुंकायला लागेपर्यंत.

चौकटीत आरपार बोल्ट घातले, जस्त चढवलेले.
आकडे बाहेरच ठेवले, रंग न लावता.
संध्याकाळी फाटक एका बोटानं फिरत होतं,
मातीला न शिवता.

ती चुलीची लाकडं घेऊन आली, दोन्ही हात भरलेले,
आणि सवयीनं गुडघा खाली घालून
फाटक उचललं.
उचलायला काही नव्हतंच.
तोल गेला, दोन ओंडके सुटले,
एक गडगडत त्या तपकिरी विळ्यात जाऊन पडला.
मी वाकलो तर म्हणाली, "राहू दे, राहू दे,"
पण माझ्याकडे न बघता.

पैसे घेतले. थोडे कमी घेतले, तिला कळू न देता.
गाडीपाशी पोचून वळून पाहिलं:
अंधारत आलं होतं, ओंडके तसेच पडलेले,
आणि व्हर्ना फाटक उघडत होती, लावत होती,
पुन्हा उघडत होती,
गुडघा मुद्दाम मागे ठेवून.