दहातले सात

जानेवारीच्या मध्याला कालव्याची दारं बंद होतात,
लोहखनिजाची जहाजं डुलूथच्या धक्क्याला टेकून झोपतात
आणि वेन्डेल घरी येतो.
कपड्यांची एक गोणी, अंगाला डिझेलचा वास.
मार्च सरेपर्यंत तो माझा.
पहिल्या दिवशी नळांचे वायसर बदलतो,
दुसऱ्या दिवशी विचारतो, "या वर्षी कोणकोणते?"

मी यादी फ्रिजवर लावते.
नामांकन मिळालेले दहा,
सोहळ्याला सात आठवडे.
हिशेब अवघड नाही.
पण मी बेकरीत कामाला, पहाटे तीनला उठणारी.
माझा हिशेब साडेनवालाच कोचावर आडवा होतो.

बुडालेल्या सर्कशीचा सिनेमा
मी हत्ती विकेपर्यंत पाहिला.
खटल्याचा, साक्षीदार पाणी मागतो तिथवर.
तीन तासांचा काळा-पांढरा, ज्याला सगळे थोर म्हणतात,
त्याची फक्त नावं पाहिली.
नावं छान होती.

वेन्डेल मात्र शेवटपर्यंत जागा.
इंजिनरूमची सवय ती,
पाळी संपल्याशिवाय डोळा मिटायचा नाही.
मग माझ्या डब्यावर चिठ्ठी चिकटवतो:
"हत्ती परत आला. वाट त्यानेच शोधली."
"बाई निर्दोष सुटली. बाहेर पाऊस होता, पण तिच्याकडे छत्री."
"म्हातारा पोचला. मुलगी स्टेशनवर उभी होती."
सहा वाजता, पावाची पहिली खेप निघाली की
पिठाच्या हातांनी मी शेवट वाचते.

एकदा लोर्नाने खांद्यावरून डोकावून पाहिलं.
"परत कुठला, आयली? हत्ती मरतो की!
बोगद्यात.
मी नाक पुसायला अख्खा रुमाल घालवला."

मी काही बोलले नाही.
दुपारी वेन्डेल तळघरात करवत चालवत होता,
तेवढ्यात आवाज बारीक करून
मी नुसते शेवट पाहिले,
एकामागून एक, पाहून झालेल्या सातांचे.
हत्ती मेलेला.
बाईला सतरा वर्षं.
म्हाताऱ्याची गाडी बर्फात थांबलेली,
आणि मुलगी स्टेशनवर नव्हती,
स्टेशनच नव्हतं त्या सिनेमात.

करवत थांबली. मी टीव्ही बंद केला.

नोव्हेंबरात सरोवरावर वारा सुटतो तेव्हा
मी रात्रभर रेडिओ चालू ठेवते,
हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही.
वीजबिल मात्र तोच भरतो,
आणि आकडे त्याला कळतात.

सोहळ्याच्या रात्री मी वेलचीचा पाव केला, वेणी घालून.
तो चांगला शर्ट घालून बसला, जणू त्यालाच बोलावतील.
म्हाताऱ्याला बक्षीस मिळालं.
पडद्यावर तुकडा दाखवला:
बर्फ, बंद पडलेली गाडी, काचेवर हात.
वेन्डेल खोकला. लोणी आणायला उठला.
लोणी टेबलावरच होतं.

"पोचतो ना पण तो?" मी विचारलं.
"पोचतो."
"आणि मुलगी?"
"स्टेशनवर."
"छत्री घेऊन?"
"छत्री दुसरीची. खटल्यातली."
"हो, खरंच," म्हणाले,
आणि त्याच्या पावाला लोणी लावलं,
जरा जास्तच.

पंचवीस मार्चला कालवा उघडला.
फुटक्या बर्फातून त्याचं जहाज निघालं,
पुलाखालून जाताना एक लांब, दोन आखूड भोंगे.
घरात करवतीचा भुसा राहिला, नवे वायसर राहिले
आणि फ्रिजवर यादी, तीन नावांपुढे खूण नसलेली.

त्यातल्या एका सिनेमात जहाज आहे म्हणे.
लोर्ना परवा त्याचा शेवट सांगू लागली.
मी पीठ मळायचं यंत्र चालू केलं.